चाळिशीत परदेशी मास्टर्स: अंबडच्या एका टेस्टिंग इंजिनिअरचं प्रकरण

जानेवारी २०२५ मधला एक रविवार. सकाळी साडेनऊला माझी एक जुनी विद्यार्थिनी घरी आली. मी नाशिकच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात इलेक्ट्रिकल विभागात सव्वीस वर्षं शिकवलं आणि ही २००६ च्या बॅचची. हातात प्लास्टिकचं फोल्डर, त्यात ब्रिटनमधल्या एका विद्यापीठाचं ऑफर लेटर. एमएस्सी इंजिनिअरिंग मॅनेजमेंट, एक वर्षाचा कोर्स, फी १७,५०० पौंड. डिपॉझिट भरायला पंधरा दिवस उरलेले.

"मॅडम, भरू का?" तिने एवढंच विचारलं.

पुढचे चौदा महिने हे प्रकरण मी तिच्याबरोबर जवळून पाहिलं. चाळिशीच्या आसपासची बरीच मंडळी माझ्याकडे हाच प्रश्न घेऊन येतात, म्हणून तिच्या परवानगीने सगळं सविस्तर लिहिते आहे. तिचं नाव किंवा कंपनी ओळखता येईल असं काही देत नाही.

तिचा जन्म नोव्हेंबर १९८४ चा, म्हणजे तेव्हा चाळीस पूर्ण. अंबड एमआयडीसीतल्या एका इलेक्ट्रिकल पॅनेल बनवणाऱ्या कंपनीत अठरा वर्षं, सगळी टेस्टिंग आणि क्वालिटीत. पगार वर्षाला साडेनऊ लाख. नवऱ्याचं इंदिरानगरात मेडिकल दुकान, मुलगी सातवीत, सासूबाई सोबत. पाथर्डी फाट्याच्या फ्लॅटचा हप्ता महिन्याला २४ हजार.

खुर्चीचं दुखणं

आधीच्या दिवाळीत कंपनीत क्वालिटी मॅनेजरची जागा रिकामी झाली. सगळ्यांनी धरून ठेवलं होतं की ती हिलाच मिळणार. मिळाली एका तेहेतीस वर्षांच्या मुलाला, ज्याला टाइप टेस्टचा रिपोर्ट कसा वाचायचा हे हिनेच शिकवलं होतं. कारण विचारलं तर "त्याच्याकडे एमटेक आहे, तुमच्याकडे मास्टर्स नाही," असं सांगण्यात आलं. ती कॉलेज रोडवरच्या एका कन्सल्टन्सीत गेली ती त्याच आठवड्यात. तिथे "एज नो बार, मॅडम" ऐकलं आणि महिन्याभरात ऑफर लेटर हातात पडलं.

मी आधी तेच धरलं. तुला मॅनेजर व्हायचंय की देश सोडायचाय? कारण नुसतं मॅनेजर व्हायचं असेल तर नोकरी सांभाळून इथेही मास्टर्स करता येतं, त्यासाठी ३२ लाखांचं कर्ज कशाला? (फी, व्हिसा, आरोग्याचा अधिभार आणि वर्षभराचं राहणं धरून कन्सल्टन्सीने तो आकडा काढला होता.) ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "ती खुर्ची आता दिली तरी नको. मला जिथे कामाकडे बघून माणूस ठरवतात तिथे जायचंय. आणि पोरीसाठी."

म्हणजे प्रश्न नोकरीचा होता, पदवी मधली पायरी. तिच्या सासूबाईंनी हेच चहा गाळता गाळता एका वाक्यात सांगितलं होतं म्हणे: "बाई, शिकायला जातेस की कमवायला, ते आधी ठरव."

वयाचा कागद

विशी-पंचविशीतला मुलगा परदेशी शिकायला निघतो तेव्हा आपण विद्यापीठ बघतो, रँकिंग बघतो, फी बघतो. चाळिशीत हा क्रम उलटा करावा लागतो. आधी बघायचं की पदवी मिळाल्यावर त्या देशात राहून नोकरी करायला आपल्या वयाच्या माणसाला वाट आहे का. असेल तर त्या वाटेवर जाणारा कोर्स कुठला, आणि सगळ्यात शेवटी विद्यापीठ. मी तिला कोरा कागद दिला आणि म्हटलं, आजचं वय लिहू नकोस. डिग्री हातात पडेल त्या दिवशी किती वर्षांची असशील ते प्रत्येक देशापुढे लिही.

ऑस्ट्रेलिया पहिल्याच ओळीत कटला. तिथे शिक्षण संपल्यावर काम करण्यासाठी जो तात्पुरता पदवीधर व्हिसा मिळतो, त्याची वयोमर्यादा १ जुलै २०२४ पासून ५० वरून ३५ वर आली आहे. संशोधनाचं मास्टर्स आणि पीएचडी करणाऱ्यांना ५० ची सवलत राहिली, पण नेहमीच्या वर्गातल्या मास्टर्सला नाही. प्रवेश मात्र मिळतो. फी घ्यायला विद्यापीठ तयार असतं आणि पदवीच्या दुसऱ्या दिवशी विमानाचं तिकीट काढायची वेळ येते. माझ्या माहितीतल्या दोघांना हे तिथे पोचल्यावर कळलं.

कॅनडाचं गणित मला स्वतःला फार शिकवून गेलं. तिथला कायमच्या वास्तव्याचा अर्ज गुणांवर चालतो. जोडीदारासह अर्ज करणाऱ्याला विशीत वयाचे पूर्ण १०० गुण मिळतात, चाळिसाव्या वर्षी ४५, चव्वेचाळीसला ५ आणि पंचेचाळीसला शून्य. सप्टेंबर २०२६ ला जाऊन दोन वर्षांचं मास्टर्स आणि त्यावर वर्षभर नोकरी केली, की ती ४४ ची होणार. म्हणजे वयाचे ४० गुण गेले. आले किती? बॅचलरचे ११२ होते, मास्टर्सचे १२६, म्हणजे १४ वाढले. कॅनडात शिकल्याचे वेगळे ३०. बेरीज ४४. दोन वर्षं आणि सगळी पुंजी घालून हिशेब जवळपास फिटंफाट! वजन पडतं ते तिथल्या एका वर्षाच्या कामाला, त्याचे ३५, आणि ते काम मिळणार की नाही हेच तर कोणी सांगू शकत नव्हतं.

ब्रिटनमध्ये वयाची अशी अट नाही. तिथला अडसर वेगळा निघाला. १ जानेवारी २०२४ पासून वर्गात शिकवल्या जाणाऱ्या मास्टर्सला जाणाऱ्याला नवरा, बायको, मुलं सोबत नेता येत नाहीत. नंतरच्या दोन वर्षांच्या पदवीधर व्हिसावरही नव्याने बोलावता येत नाहीत. (ही दोन वर्षंसुद्धा १ जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांना दीड वर्षावर आणायचं नंतर ठरलं.) मुलीला आणायचं तर आधी कुशल कामगाराचा व्हिसा हवा. त्याची पगाराची सर्वसाधारण अट तेव्हा वर्षाला ३८,७०० पौंड होती, जुलै २०२५ मध्ये ती ४१,७०० झाली. नुकतीच पदवी घेतलेल्यांना त्यात सवलत आहे, पण तरी घरापासून दीड-दोन वर्षं धरायलाच हवीत. मुलगी बारा वर्षांची. "कन्सल्टन्सीवाल्यांनी हे सांगितलं नाही?" मी विचारलं. "मी विचारलं नाही," ती म्हणाली. माझ्या मते तिने विचारायचा प्रश्नच नव्हता, सांगणं त्यांचं काम होतं. ज्यांना विद्यापीठाकडून प्रवेशामागे कमिशन मिळतं, त्यांच्याकडे बसताना हे लक्षात ठेवलेलं बरं.

आणि कर्ज. ३२ लाख, साडेअकरा टक्के, पंधरा वर्षं. हप्ता साधारण ३७,४०० रुपये, तोही शिकत असतानाचं व्याज न धरता. २०२७ ला हप्ते सुरू झाले तर शेवटचा हप्ता तिच्या सत्तावन्नाव्या वर्षी. तिच्या कंपनीत निवृत्ती अठ्ठावन्नला. मी तो आकडा कागदावर लिहिला आणि तिच्या नवऱ्याने पेन खाली ठेवलं. डिपॉझिट भरलं नाही.

शिष्यवृत्तीचं थोडक्यात सांगते, कारण चाळिशीतल्यांना तिथे फार जागा नाही. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीला वयाची अट ३५. जर्मनीच्या डाड या शिष्यवृत्ती देणाऱ्या संस्थेची विकासाशी निगडित मास्टर्सची योजना वय विचारत नाही, पण शेवटची पदवी सहा वर्षांपेक्षा जुनी नको म्हणते. तिची एकोणीस वर्षं जुनी. ब्रिटनच्या चिवनिंग शिष्यवृत्तीला वयाची वरची मर्यादा नाही, पण नंतर दोन वर्षं मायदेशी परतावं लागतं, मग तिच्यासारखीला उपयोग काय?

जर्मनी, आणि माझी चूक

उरलं जर्मनी. इथे मी चुकले. मीच तिला म्हटलं, सरकारी विद्यापीठात फी नाही, तू पॉवर इंजिनिअरिंगचं मास्टर्स कर. फेब्रुवारी आणि मार्च आम्ही त्यातच घालवले.

'फी नाही' हे बहुतेक ठिकाणी खरं आहे. बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्य युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून २०१७ पासून सहामाहीला १,५०० युरो घेतं, म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाने २०२४ च्या हिवाळी सत्रापासून मास्टर्सला सहामाहीला ४ ते ६ हजार युरो सुरू केले, आणि नोकरदारांसाठीच्या एमबीए छापाच्या कोर्सांना सरकारी विद्यापीठातही फी असते. बाकी ठिकाणी सत्राचा किरकोळ खर्च सोडला तर शिक्षण फुकट.

पण राहणं फुकट नसतं. व्हिसासाठी वर्षाला ११,९०४ युरो ब्लॉक्ड अकाउंटमध्ये दाखवावे लागतात, महिन्याला ९९२ प्रमाणे ते सुटतात. दोन वर्षांचे २३,८०८. तेव्हा युरो नव्वदच्या आसपास होता, म्हणजे साडेएकवीस लाख. (वर्ष संपेपर्यंत युरोने शंभरी ओलांडली होती. तेच पैसे पंचवीस लाखांच्या घरात गेले असते.) त्यात एक गोष्ट तिशीच्या पुढच्या माणसाला नेमकी टोचते: विद्यार्थ्यांचा स्वस्त सरकारी आरोग्य विमा तिसाव्या वर्षापर्यंतच मिळतो, पुढे बहुतेकांना खाजगी विमा घ्यावा लागतो. आणि सगळ्यात मोठा खर्च कुठल्याच माहितीपत्रकात नसतो: दोन वर्षांचा गेलेला पगार, एकोणीस लाख. वर घराचा हप्ता थांबत नाही. फुकटची पदवी चाळीस लाखांवर गेली.

तरी आम्ही पुढे निघालो होतो. भारतातून जर्मनीला शिकायला जाणाऱ्याला नोव्हेंबर २०२२ पासून एपीएसचं प्रमाणपत्र लागतं. मार्कशीटा, पदवी यांची तपासणी होते, त्याची फी १८ हजार. ती कागद गोळा करत होती. तेव्हा जर्मनीची 'अनाबिन' नावाची सरकारी माहितीसूची तिच्या पाहण्यात आली. परदेशी विद्यापीठं आणि पदव्या जर्मनीत कशा धरल्या जातात ते त्यात दिलेलं असतं. तिचं पुण्याचं विद्यापीठ त्यात होतं, मान्यताप्राप्त म्हणून. चार वर्षांची बीई त्यांच्या पदवीच्या तोडीची. मार्चच्या शेवटी एका रात्री साडेदहाला तिचा फोन आला.

"मॅडम, माझी डिग्री त्यांना चालतीय. मग मी परत कशाला शिकू?"

मला उत्तर सुचलं नाही. अठरा वर्षं टेस्टिंग केलेल्या बाईला मी पुन्हा बाकावर बसवायला निघाले होते, केवळ आपल्याकडे 'परदेशी जायचं म्हणजे एमएस' हे डोक्यात घट्ट बसलंय म्हणून. शिक्षकाला प्रत्येक प्रश्नाचं उत्तर शिक्षणात दिसतं, माझंही तेच झालं.

वाट अशी होती. पदवीला मान्यता असेल आणि पदवीला साजेशा नोकरीचा करार हातात असेल, तर युरोपियन ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षितांसाठीचा नोकरीचा आणि राहण्याचा परवाना, थेट मिळू शकतं. २०२५ साठी पगाराची अट वर्षाला ४८,३०० युरो, आणि इंजिनिअरसारख्या टंचाईच्या कामांना ४३,७५९.८० युरो. हा कमी आकडा धरला की तिथल्या रोजगार खात्याची संमती लागते, इतकंच. ब्लू कार्डवाल्याच्या जोडीदाराला येण्याआधी जर्मन भाषेची परीक्षा द्यावी लागत नाही आणि आल्यावर कामाला मोकळीक असते. बी१ पर्यंत, म्हणजे मधल्या पातळीपर्यंत, भाषा आली तर २१ महिन्यांत कायमचं वास्तव्य मागता येतं, नाहीतर सुरुवातीच्या ए१ पातळीवर २७ महिन्यांत.

नोकरी न मिळवताच जाऊन शोधायची असेल तर जून २०२४ पासून चान्सनकार्टे आहे, पदवीला पूर्ण मान्यता नसेल तर तेही गुणांवर. पस्तिशीच्या आतल्यांना वयाचे दोन गुण, चाळिशीपर्यंत एक, पुढे शून्य. तिने तो नाद सोडला. परदेशात बसून, साठवलेले पैसे रोज कमी होताना पाहत नोकरी शोधायची तिची तयारी नव्हती, आणि मला ते पटलं.

पंचेचाळिशीची मेखही इथे आहे. ब्लू कार्ड सोडून जो साधा कुशल कामगाराचा परवाना, तो पहिल्यांदा पंचेचाळीसनंतर मागितला तर २०२५ मध्ये ५३,१३० युरो पगार दाखवावा लागत होता, किंवा म्हातारपणाची पुरेशी तरतूद. मास्टर्स करून, नंतरचे नोकरी शोधायचे अठरा महिने वापरून तिची गाडी बरोबर तिथे येऊन थडकली असती. २०२६ चा ऑक्टोबर, अडीच वर्षांचा अभ्यास (भाषा आणि परीक्षा धरून दोन वर्षांत फार थोडे सुटतात), मग दीड वर्षाचा शोध. सहज पंचेचाळीस.

मास्टर्सची बाजू

म्हणून मास्टर्स वाईट असं मी म्हणणार नाही. तिथे शिकलेल्याला अठरा महिने मोकळेपणाने नोकरी शोधता येते. पदवीनंतरची तीन वर्षं ब्लू कार्डला कमी पगाराची अट लागते, वय काहीही असो. शिकता शिकता वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं, आणि कंपन्या आपल्याकडे काम केलेल्या विद्यार्थ्यालाच पुढे ठेवून घेतात हे नेहमी दिसतं. ज्याची पदवी तीन वर्षांची आहे आणि तिथे पूर्ण मानली जात नाही, ज्याला क्षेत्रच बदलायचंय, म्हणजे मेकॅनिकल सोडून डेटाकडे वगैरे, किंवा ज्याला संशोधनात जायचंय, त्याने चाळिशीतही करावं. तिच्याच सोसायटीतला एक जण ३८ व्या वर्षी बीकॉमवर निघाला होता. त्याला मी मास्टर्सशिवाय वाट नाही असंच सांगितलं.

पण जे काम येतं त्याच कामावर जायचं असेल, तर नवी पदवी कधी कधी माणसाला मागे नेते. चव्वेचाळिसाव्या वर्षी पदवी घेतलेली बाई कंपनीला नवशिक्यांच्या रांगेत दिसते. शेजारी पंचवीस वर्षांचा मुलगा, तीच पदवी, भाषा जास्त चांगली. तिची अठरा वर्षं बायोडेटाच्या दुसऱ्या पानावर ढकललेली.

दोन ओळींचा बायोडेटा

एप्रिलमध्ये तिने बायोडेटा दाखवला. चार पानं. पहिल्या पानावर वडिलांचं नाव, वैवाहिक स्थिती, छंद. कामाचं वर्णन दोन ओळींत: क्वालिटी आणि टेस्टिंग विभाग सांभाळते, टीमवर्कची आवड.

मी म्हटलं, भोपाळला किती वेळा गेलीस?

सीपीआरआयच्या (सेंट्रल पॉवर रिसर्च इन्स्टिट्यूट) भोपाळच्या केंद्रात पॅनेलची शॉर्ट सर्किट टेस्ट करून घ्यायला ती अकरा वेळा गेली होती. ट्रकमागून रेल्वेने, एकदा पावसात, एकदा मुलगी आठ महिन्यांची असताना. त्यातले तीन पॅनेल पहिल्या फेरीत नापास झाले होते. बसबारचे, म्हणजे पॅनेलमधल्या वीज वाहणाऱ्या पट्ट्यांचे, सपोर्ट कुठे तुटले, का तुटले, अंतर किती कमी केल्यावर पास झालं, हे तिला तारखांसकट पाठ. तिच्या जुन्या वहीत हाताने काढलेले नकाशे होते. अख्ख्या बायोडेटात यातलं अक्षर नव्हतं. विचारलं तर म्हणे, "नापास झालेलं कोण लिहितं, मॅडम?"

तेच लिहायला लावलं. पॅनेलसाठीच्या आयईसी ६१४३९ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे कुठल्या क्षमतेच्या पॅनेलच्या कुठल्या चाचण्या, किती, त्यात काय बिघडलं, काय बदललं. दोन पानं झाली. मे महिन्यापासून आठवड्याला पाच-सहा अर्ज, सगळे लहान आणि मध्यम पॅनेल कंपन्यांना. मोठ्या कंपन्यांच्या पोर्टलवरून उत्तर यायचं नाही. लहान कंपन्यांतून नकार तरी यायचा.

भाषेचा क्लास फेब्रुवारीतच लागला होता, मास्टर्सच्या निमित्ताने. तेवढं त्या दोन महिन्यांतलं कामी आलं. संध्याकाळी साडेसात ते नऊ, अंबडवरून थेट. ऑक्टोबरमध्ये पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनात बी१ दिली. वाचन, लेखन, संभाषण निघालं, श्रवणात ५४ पडले. पास व्हायला ६० लागतात. चारही भाग सुटे असतात, राहिलेला तेवढा पुन्हा देता येतो. डिसेंबरात तो निघाला.

नकार साठच्या वर गेले. जुलैत ती एकदा म्हणाली की ब्रिटनचं लेटर परत मागवू का. तिचं वय, तिचं नाव, तिचा देश, नेमकं काय आड येतंय ते कळत नव्हतं आणि नकाराच्या पत्रात ते कधी लिहिलेलं नसतं. मी फक्त ऐकून घेतलं.

सप्टेंबरात स्टुटगार्टपासून तासाभरावरच्या एका गावातल्या कंपनीने मुलाखतीला बोलावलं. ऐंशी माणसांची कंपनी. आपल्या दुपारी दोनची वेळ होती आणि रजा मिळाली नव्हती, म्हणून तिने कंपनीच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून मुलाखत दिली, फोन स्टिअरिंगला टेकवून, काचा बंद करून. पहिली दहा मिनिटं जर्मनमध्ये अडखळत गेली. मग समोरच्या म्हाताऱ्या टेस्टिंगप्रमुखाने इंग्रजीत विचारलं, टेंपरेचर राइज टेस्टला तुम्ही थर्मोकपल (तापमान मोजणाऱ्या तारा) कुठे कुठे लावता?

ती बारा मिनिटं बोलली. बसबारचे जोड, ब्रेकरचे टर्मिनल, बाहेरच्या केबलच्या टर्मिनलला ७० केल्विन तापमानवाढीची मर्यादा, आणि एकदा आकडे शंकास्पद वाटल्यावर चाचणी पुन्हा कशी लावली ते. ७० चा आकडा सगळ्यांना पाठ असतो, ती म्हणाली, पण जोडाचा बोल्ट नीट आवळलेला नसेल तर वाचन कुठे चुकतं ते हाताने केल्याशिवाय कळत नाही. म्हाताऱ्याने वही काढून लिहून घेतलं. त्याने पदवीबद्दल एक शब्द विचारला नाही. हे सांगताना तिचा आवाज भरून आला होता.

४५,००० आणि ४५,९३४

नोव्हेंबरच्या मध्यात ऑफर आली, वर्षाला ४५,००० युरो. तिच्या अनुभवाच्या जर्मन माणसाला याहून बराच जास्त पगार मिळाला असता. अठरातली निम्मी वर्षं कंपनीने धरलीच नाहीत, असं मला वाटतं. तिलाही ते समजत होतं. पण ४३,७५९ च्या वर होतं, म्हणून सगळे खूश.

पेढ्यांचा बॉक्स घेऊन आली तेव्हा मी विचारलं, व्हिसाचा निर्णय कधी होईल? जानेवारी किंवा फेब्रुवारी. ब्लू कार्डची रक्कम दर वर्षी १ जानेवारीला बदलते, कारण ती तिथल्या पेन्शन वर्गणीच्या मर्यादेला बांधलेली असते. २०२६ चा कमी आकडा ठरला होता ४५,९३४.२०. तिची ऑफर नव्या वर्षात ९३४ युरोंनी कमी पडत होती.

कंपनीला हे माहीतच नव्हतं, त्यांनी याआधी भारतातून कोणाला घेतलेलं नव्हतं. पत्र तिने स्वतः लिहिलं, जर्मनमध्ये, सहा ओळींचं. जास्त पैसे द्या असं त्यात नव्हतं. कायद्याने नव्या वर्षात किती लागतात आणि माझ्या करारात किती आहेत, एवढंच. चार दिवस उत्तर नाही. पाचव्या दिवशी नवा करार आला, ४७,००० चा. कर, पेन्शन, विमा कापून महिन्याला हातात अडीच हजार युरोच्या आसपास पडतील. दोन घरं चालवायची असतील तर ते फार नाहीत, हेही आम्ही मांडून पाहिलं.

पेन्शनचं पाहिलं तेव्हा मात्र बरं वाटलं. इथल्या पीएफच्या पेन्शन योजनेत दहा वर्षं कधीच पूर्ण झाली आहेत, तो हक्क राहतो. घाईने पैसे काढून मोडायचं नाही, एवढं मी बजावलं. जर्मनीत निवृत्ती सदुसष्टला, म्हणजे तिच्यापुढे पंचवीस वर्षं, आणि पेन्शनला किमान पाच लागतात. मे २०१७ पासून दोन्ही देशांचा सामाजिक सुरक्षेचा करार असल्याने दोन्हीकडची वर्षं हक्कासाठी एकत्र धरता येतात. चाळिशीत निघालेल्या माणसाने पगाराच्या आधी हे विचारायला हवं, आणि माझ्याकडे आलेल्यांपैकी ते अजून कोणी आपणहून विचारलेलं नाही.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात पासपोर्ट परत आला, व्हिसा लागून. एप्रिलमध्ये ती एकटी जाते आहे. मुलीची आठवीची परीक्षा झाली की ऑगस्टमध्ये तिला न्यायचं, तिथलं शाळेचं वर्ष सुरू होण्याआधी. मुलीला भाषेच्या तयारी वर्गात बसावं लागेल. ती सध्या आईच्या श्रवणाच्या जुन्या फायली ऐकत जेवते.

दुकानाचं ठरलेलं नाही. नवऱ्याला तिथे फार्मसिस्ट म्हणून काम करायचं तर वेगळा परवाना लागतो, आणि त्यासाठी व्यवसायाच्या भाषेची परीक्षा सी१ या प्रगत पातळीची. तो एक्केचाळीसचा आहे आणि त्याने अजून 'गुटन मॉर्गन'च्या पुढे काही शिकलेलं नाही. सासूबाई नाशिक सोडणार नाहीत, आणि त्यांना एकटं ठेवायचं नाही यावर दोघांचं एकमत आहे. गेल्या रविवारी तिघं माझ्याकडे आले होते. नवऱ्याने कोरा कागद मागितला आणि स्वतःचं नाव वर लिहून खाली वर्षं मांडायला घेतली.